परसातला चिंचेचा बुंधा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. भाजीवालीने जुडी वरून हिरवीगार दाखवली की मी ती सोडून आतून बघते. शाळेतही एखादीची सगळी गणितं बरोबर आली, की मी आधी तिच्या शेजारणीची वही मागवायची.

मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही शहराच्या कडेला लहानसं घर घेतलं, तेव्हा परसात चिंचेचा बुंधा होता. झाड आधीच्या मालकाने तोडून विकलं होतं. कमरेएवढा बुंधा आणि खालचा मुळांचा पसारा तसाच राहिला होता. आम्हाला तिथे न्हाणीघर बांधायचं होतं. गवंडी म्हणाला, आधी हे काढा. जळणवाल्याने तर बुंधा बघूनच हात जोडले.

मग मे महिन्याच्या सुट्टीत पन्नाशीचा एक माणूस कुदळ घेऊन दारात उभा राहिला. पेठेत त्याचा बैलाचा तेलघाणा होता. घाण्याचं लाकूड चिरलं होतं, तेल फटीतून झिरपत होतं, आणि नवा घाणा कोरायला त्याला जाड, एकसंध लाकूड हवं होतं.

"बुंधा मला द्या बाई. मुळासकट काढतो, खड्डाबी बुजवून देतो. मजुरी नको."

"बुंध्याचंच लाकूड कशाला?"

"त्येला पीळ असतोय. आतली लाट, त्यो पिळायचा दांडा, कितीबी फिरू दे, उकलत न्हाय. घाना उभा ऱ्हायला न्हाय तर गिरनीत पोती उचलाय लागतील की मला."

उत्तर चोख होतं, आणि चोख उत्तराचाच मला वास येतो. गावात तेलाच्या गिरण्या धडधडत असताना बैलाचा घाणा नव्याने कोण मांडतो? शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "फुकट कोन खनतंय व्हय? जुनं झाड हाय, खाली कुनीतरी हंडा पुरला असंल. पानी कुठंतरी मुरतंय बगा." आमच्या ह्यांनी हसून सोडून दिलं. मी नाही सोडलं.

तो पहाटे यायचा आणि ऊन चढलं की जायचा. मी खिडकीत तांदूळ निवडत बसायची. एकच सूप तीनतीनदा निवडून झालं. तो एकेक मूळ उघडं करून करवतीने कापायचा. वाकडी मुळं कुणा सुताराला, सरळ मुळं खुरप्याच्या मुठींना, अशी वेगळी रचायचा. मधेच बुंध्यावर दगडाने ठोकून कान लावायचा. तडा असेल तर आवाज फुटका येतो, असं त्यानेच सांगितलं होतं. मला मात्र खात्री होती, हा हंड्याचा आवाज ऐकतोय. त्याने बुंध्याचं वरचं तोंड ताजं कापून सपाट केलं. रोज जाताना सगळ्या बुंध्याला ओली गोणपाटं गुंडाळून तो सुतळीने करकचून बांधायचा. काही लपवायचं नसेल तर झाकायचं कशाला? तो वळला की मी सुतळी सोडून बघायची. आत लाकूडच असायचं. त्याने माझा संशय काही कमी झाला नाही. मला वाटायचं, हंडा आणखी खोल असेल.

आठव्या दिवशी तो म्हणाला, जयसिंगपूरला बहीण आजारी आहे, चार दिवस येणार नाही. "बाई, दिवसातनं दोनदा गोनपाटावर पानी मारा. ताज्या तोंडाला ऊन लागलं तर तडकंल. तुमच्या भरवशावर ठेवून जातोय."

म्हणे भरवशावर! मी ओळखलं, हा आम्हाला गाफील ठेवून मागच्या दाराने येणार. तो दिसेनासा होताच मी सगळी गोणपाटं काढून दोरीवर टाकली. बुंधा उघडा असला म्हणजे कुणी आलं तर खिडकीतून दिसेल. चार दिवस बुंधा मेच्या उन्हात उभा राहिला आणि मी खिडकीत. कुणीही आलं नाही. चौथ्या संध्याकाळी गोणपाटं भिजवून मी होती तशी बांधली. त्याची गाठही मला हुबेहूब जमली. बुंध्याच्या तोंडावर मधोमध चीर गेलेली दिसली. लाकूडच ते, म्हटलं, चालायचंच.

सकाळी तो बायकोला घेऊन आला. गोणपाट सोडून त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग एक काडी उचलून त्याने चिरेत घातली. काडी वीतभर आत गेली.

"बाई, गोनपाट कुनी काढलंवतं काय?"

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही वेळा पाणी मारलं."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. "मग आसं कसं वाळलं वो?"

"गप ए!" तो तिच्यावर खेकसला. "मास्तरीन बाई खोटं बोलतील व्हय? माझीच नजर चुकली. तडा आदीच आसंल."

पुढचे तीन दिवस दोघांनी मिळून तो फुकट गेलेला बुंधा उकरला, जळणासाठी फोडला आणि शब्द दिल्याप्रमाणे खड्डा बुजवला. खाली तांबडी माती होती आणि मुंग्या होत्या. मी शेवटच्या फावड्यापर्यंत बघत होते.

दुसरं लाकूड त्याला मिळालं नाही. दिवाळीच्या सुमारास तेलाच्या गिरणीसमोर तो पाठीवर पोतं घेऊन दिसला. मी पदर सारखा करून पलीकडून निघाले होते, तेवढ्यात त्याने पोतं खाली टाकून हाक मारली. घाम पुसत जवळ आला.

"बाई, त्या येळंला तुमाला लई तरास दिला बगा. चार दिस उनाचं पानी माराय लावलं, आनि सगळं वाया."

"असू दे," मी म्हणाले.