फौजदारणीचा राग

त्या संध्याकाळी मी आणि बायको दारात बसून विड्यांच्या जुड्या बांधत होतो. ती वळायची, मी दोरा गुंडाळायचो. लूमवरचं काम सुटल्यापासून माझं तेवढंच काम. मांडीवरचं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आज विहारात पुरं म्हणलं बगा. इंदूचं बी मंगल होवो, असं."

"तू म्हण. मी न्हाय म्हणणार."

"तुमची जुडी बगा आदी."

बघितली. दोरा एवढा आवळला होता की कडेच्या विड्या चेपल्या होत्या. ती हसली आणि जुडी सोडून परत माझ्या हातात दिली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्यात पोचली, ती नाही पोचली.

माझ्या बायकोला गल्लीत सगळे फौजदारीण म्हणायचे. माहेर केम गावचं, घर स्टेशनाजवळ, त्यामुळं गाडीच्या आवाजावर बोलायची सवय. पाण्याच्या दिवशी ती नळावर आली की रांग आपोआप सरळ व्हायची. एकानं मोटार लावून पाणी ओढलं, तर हिनं मोटारीची पिन काढून पदराला बांधली. गल्लीचं पाणी भरून झाल्यावरच दिली.

इंदू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. मधे एक भिंत. आम्हाला मूल झालं नाही. नळावरच्या भांडणात इंदू हिला सगळ्यांदेखत वांझ म्हणाली. फौजदारीण त्या दिवशी पहिल्यांदा रांग सोडून निघाली. घागर तिथंच टाकून घरी आली. तिथून पुढं दोन्ही घरांचं बोलणं बंद, वर्षानुवर्षं.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचतात, तो ऐकायला ती जायला लागली. पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून जाते, असं तिनंच सांगितलं होतं. एकदा भंते म्हणाले, कुणी शिवी दिली आणि आपण ती घेतलीच नाही, तर ती कुणाकडे राहते? ही उठून उभी राहिली. "भंते, मी तर घेतली. उशाखाली घेऊन झोपते. आता काय करू?" बायका हसल्या. भंते हसले नाहीत. म्हणाले, "राग येतो तेव्हा कळतो का? का भांडून झाल्यावर कळतो?" श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं.

घरी येऊन म्हणाली, "श्वास मला दिसत न्हाई. विडी दिसती." ते खरंच होतं. भिंतीपलीकडून इंदूचा आवाज आला की हिच्या बोटाखालची विडी घट्ट व्हायची. घट्ट विडी ओढली तरी धूर येत नाही, कारखान्यात ती बाजूला काढतात. "मला वाटायचं पान वाळलंय," ती म्हणाली. "पान न्हाई वो, मीच वाळलीय." मग बोट आवळलं की हात थांबवायची. "आला," म्हणायची, दारात माणूस आल्यासारखं. विडी उलगडायची, तंबाखू सारखी करायची, परत वळायची. "रागाला मारायचं न्हाई, हाकलायचं बी न्हाई. आलाय म्हणायचं नि कामाला लागायचं."

विहारात शेवटी सगळ्यांचं भलं चिंततात. आधी आपलं, मग आपल्या माणसांचं, मग ज्याच्यावर राग आहे त्याचं. तिथं ती अडकायची. "भंते, सगळ्या जगाचं मंगल हो म्हणते, आमच्या भिंतीपर्यंत." भंते म्हणाले, "भिंतीपर्यंत तर पोचलात."

मला ते पटत नव्हतं. मी विचारायचो, "ती चुकली न्हाय का?"

"चुकलीच की. लई वंगाळ बोलली. पर ती एकदा बोलली. रोज ऐकत बसले ती मी."

माती झाली त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. संध्याकाळी इंदू भाकरी-पिठलं घेऊन आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"दादा, थोडं खावा."

"ठेव नि जा."

"मी नळावर बोलले ते..." एवढं बोलून ती रडायला लागली. मी आत गेलो. ताट झाकलेलंच राहिलं. फौजदारणीनं सोडलं होतं, मला माहीत होतं. पण मीही सोडलं तर तिच्या बाजूनं भांडायला कोण उरलं? मला पोटात तेवढं एकच धरून ठेवायला होतं.

सकाळी उठलो. घरात कुणाचाच आवाज नव्हता. भिंतीपलीकडं इंदू भांडी घासत होती. हात बघितले, मुठी वळलेल्या होत्या. "आला," म्हणालो आणि मुठी उलगडल्या. मग भाकरी पिठल्यात कुस्करली आणि सगळी खाल्ली. ताट घासलं. दुसऱ्याचं ताट रिकामं पाठवत नाहीत, म्हणून साखरेचा डबा हुडकून ताटात मूठभर साखर टाकली. भिंतीला वळसा घालून गेलो. इंदू मला बघून हातातलं काम टाकून उभी राहिली.

मी ताट पुढं केलं आणि म्हणालो, "इंदू, चहा टाक."