चित्रावरची शाल

लातूर जिल्हा नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. शाळेच्या हॉलमध्ये चित्रप्रदर्शन भरलं होतं आणि त्यात माझी आई होती. अंगावर चिंधीसुद्धा नसलेली.

चित्र त्याच्या कितीतरी आधीचं, दुष्काळातलं. आम्ही मुखेडकडचे. खडी फोडायचं काम बंद पडलं तेव्हा आई नांदेडला एका चित्रकार बाईंकडे धुण्याभांड्याला लागली. बाईंनी एकदा भीतभीत विचारलं, माझ्यासमोर तशी बसाल का? आईनं दोन दिवस घेतले आणि म्हणाली, "बसते. पण हाय तसं काढा. हात नाजूक काढू नका."

तोवर चित्रातली उघडी बाई म्हणजे नदीत न्हाणारी गोरीपान अप्सरा. मान वळवलेली, कुणी बघतंय हे जणू तिच्या गावीही नाही. बाईंनी काढलेली आई काळीसावळी, स्टुलावर ठाण मांडून बसलेली. पोटाला माझ्या बाळंतपणाच्या वळ्या, गुडघ्यांवर घट्टे पडलेले हात, आणि नजर थेट बघणाऱ्यावर.

आईला विचारून बाईंनी ते ऐनवेळी नांदेडहून आणून टांगलं. संयोजक हबकलेच. शेजारच्या भिंतीवर एक अप्सरा होती, तिची त्यांना काही अडचण नव्हती. घाईत दुसरं काही सापडेना म्हणून पाहुण्यांच्या सत्काराची शाल त्यांनी आईच्या चित्रावर टाकली. बाई संतापल्या. मी तेव्हा लातुरातच कॉलेजला होते, माझ्या मैत्रिणी यायच्या होत्या. खरं सांगते, शाल पडली आणि मला हायसं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

तेवढ्यात एसटीनं आई पोचली. तिनं चित्र बघितलं, शाल बघितली.

"माझाबी सत्कार केला व्हय?" तिनं संयोजकांना विचारलं. आईनं शाल ओढून काढली, झटकली, स्वतःच्या खांद्यांवर नीट घेतली आणि चित्राशेजारी उभी राहिली.

"शाल माणसाला घालत्यात सायब, चित्राला न्हाई."

शाल परत मागायची कुणाची टाप नव्हती. पाहुण्यांचा सत्कार नुसत्या नारळावर उरकला. चित्र दिवसभर उघडं राहिलं.

मैत्रिणी आल्या. एकीनं चित्राकडे बघत हळूच विचारलं, "कोण गं ही?"

"माझी आई," मी म्हणाले. हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणाले.