अनोळखी माणसाच्या गोष्टी
उकडलेल्या अंड्यांच्या सँडविचचा वास आला की मला मेलबर्नमधला एक पब आठवतो. भारतातून विद्यार्थी विमानं भरभरून येत होते, त्या वर्षांतली गोष्ट. युनिव्हर्सिटीने नव्या विद्यार्थ्यांसाठी तिथे रविवारी दुपारी गेट-टुगेदर ठेवलं होतं. मी आणि माझी रूममेट, दोघीही पबमध्ये पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. जुन्या लाकडाला बिअरचा वास येत होता आणि गालिचा बुटांना किंचित चिकटत होता. डावीकडच्या खोलीत गर्दी दिसली म्हणून आत शिरलो. कुणीतरी हातात अंड्यांच्या सँडविचची प्लेट दिली, आम्हीही पोटभर खाल्लं. मग फुलांमध्ये ठेवलेला एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो दिसला आणि हे आमचं गेट-टुगेदर नाही, त्याच्या अंत्यविधीनंतर जमलेली माणसं आहेत, हे कळून मी प्लेट खाली ठेवली. तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या एक आजी जवळ आल्या. "माझ्या नवऱ्याला तुम्ही कुठून ओळखत होता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. रूममेट माझ्या कानात पुटपुटली, "शेजारी होते म्हणून सांग." मला ते जमेना. "आम्ही ओळखत नव्हतो. चुकून आलो, सॉरी," मी म्हणाले. आजींनी आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या. "इथल्या सगळ्यांना त्याच्या गोष्टी पाठ आहेत. तुम्ही ऐकलेल्या नाहीत. बसा." आम्ही संध्याकाळपर्यंत ऐकत बसलो. त्या मध्येच हसायच्या, मध्येच डोळे पुसायच्या. आता त्या आजींचा चेहराही मला नीट आठवत नाही, पण मी कधीच न भेटलेला तो माणूस दाढी करताना बेसूर गायचा, हे पक्कं लक्षात आहे.