टिकारामची खाट छपरीत काहून गेली

हे मी लिहिणारच नव्हते. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं. वाटलं गावातल्या बायका म्हणतील, बालाघाटच्या कॉलेजात जाऊन पोरगी हेच शिकली का. पण ज्यांची गोष्ट आहे ते दोघंही म्हणाले, लिही, फक्त नावं बदल. म्हणून लिहितेय, आणि मध्ये थांबले तर परत पुसून टाकेन.

टिकाराम हट्ट्याकडच्या एका गावातला. थोडी धानाची शेती, एक बैलजोडी, आणि शेतात काम नसलं की राईस मिलमध्ये पोती उचलायची. दुसऱ्या बाळंतपणात त्याची बायको सीता मरता मरता वाचली. रक्त थांबेचना, जीपमधून बालाघाटला आणेपर्यंत तिचे हात गार पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला आता परत दिवस जायला नको, आणि हिचं ऑपरेशनही इतक्यात नको. टिकारामनं कोणालाच विचारलं नाही. हिवाळ्यात नसबंदीचं शिबिर लागलं तेव्हा एकटा गेला आणि करून आला.

सिस्टरनं नीट समजावलं होतं, फक्त नळी बांधतात, ताकद, इच्छा, सगळं जसंच्या तसं राहतं. त्यानं हौ हौ म्हणून मान हलवली. पण त्याच्या डोक्यात सिस्टर नव्हतीच, गोऱ्हा होता. मिसरूड फुटायच्या वयात त्यानं एक गोऱ्हा खच्ची करताना त्याचे पाय दाबून धरले होते. आधी तो गोऱ्हा दावं तोडून पळायचा, माणसाला जवळ फिरकू देत नव्हता. नंतर मान खाली घालून नांगराला चालायला लागला. टिकारामला वाटलं, आपलंही तेच झालं.

जखम भरल्यावर तो सीतेजवळ गेला आणि भीतीनंच त्याचं काही होईना. उठून बाहेर गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी दाराबाहेरच्या छपरीत खाट टाकली. म्हणाला, आत गरमी होते. गावात तेव्हा लोक शेकोटी पेटवून बसत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची नसबंदीनंतरची तपासणी झाली, सगळं बरोबर निघालं, तरी खाट छपरीतच. सीतेनं काही विचारलं नाही. तिला वाटलं, माझ्यापायी ह्याला हे करावं लागलं, म्हणून मी मनातून उतरले. दोघं एकाच घरात, जेवण वाढायचं, जेवायचं, आणि मध्ये ती भिंत.

मग पोळा आला. टिकाराम शिबिरात जाऊन आल्याचं तोवर गावभर झालं होतं. टिकाराम बैल सजवून तोरणाखाली घेऊन गेला. अंगणापलीकडे राहणारा त्याचा चुलत भाऊ प्रेमलाल, गावातला मोठ्या तोंडाचा माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "अबे, बैल सोड, तूच रांगेत लाग. शिंगं रंगवाची राह्यली फकत." सगळे हसले. टिकारामही हसला. घरी आल्यावर सीता ताट घेऊन बैलांना ओवाळायला आली, तर त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, दोर खांबाला गुंडाळला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सीतेनं पिशवी भरली. माहेर बैहरकडे, दुपारची बस. प्रेमलालची बायको कमला पुरणाचं पातेलं परत करायला आली, तिनं पिशवी पाहिली.

"कोठी निघाली वं सीते?"

"मायेकडे. परत येतो का नाई, सांगता येत नाई."

कमलानं खोदून खोदून विचारलं तेव्हा सीतेनं खाटेचं सांगितलं. कमला आधी हसली, मग दारात बसूनच गेली.

"माह्या घरच्याची बी नसबंदी झाली हाये. आमची रीना झाल्यावर. त्यानं बी अशीच खाट बाहेर काढली होती. गावात कोणाले मालूम नाई."

सीता तशीच गोठ्यात गेली. टिकाराम शेण काढत होता.

"एक डाव प्रेमलाल भाऊजीले भेटून या. मंग मी जातो का राह्यतो, ते मी सांगतो."

"काहून?"

"जा तं खरं."

तो गेला. प्रेमलाल बैलांना चारा टाकत होता. सीतेनं धाडलं म्हटल्यावर तो कमलाकडे बघायला लागला, आणि ती आत निघून गेली. बराच वेळ तो चाराच टाकत राहिला, गव्हाण भरून सांडायला लागली तरी.

"मले बी वाटलं होतं का बैल झालो," तो शेवटी म्हणाला. "काई नाई झालं बे. भेव होतं, तेच आडवं येत होतं. भेव गेलं, सारं ठीक."

"मंग मले सांगतलं काहून नाई? वरतून काल तोरणाखाली..."

"सांगतो कसा? माह्यावरच हसले असते ना लोक. मी पहिले हसून घेतलं."

टिकाराम तिथूनच वळला. घरी आला तेव्हा सीता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पहिल्यांदा तोंडानं बोलला, गोऱ्ह्याचं, त्या रात्रीचं, सगळं.

"मले वाटलं मीच नोको झाली तुमाले," सीता म्हणाली.

"तू मरून राह्यली होती, म्हणून तं केलं."

बस रस्त्यावरून हॉर्न देत गेली. कोणी उठलं नाही. खाट त्या दिवशी आत नाही आली, लगेच नाही आली. पण सीतेनं पिशवी उघडली आणि साड्या परत दोरीवर टाकल्या. ते महिने मात्र गेलेच, ते दोघांनाही परत मिळणार नाहीत.

प्रेमलाल अंगण ओलांडून आधीच आला असता तर. तुमच्या गल्लीतही अशी एखादी खाट बाहेर आली असेल, आणि आत काय झालंय ते तुम्हाला कळत असेल, कारण तुमचं स्वतःचं तसं होऊन गेलंय. मग जा त्याच्याकडे. पोळ्याची वाट बघू नका, ह्याच आठवड्यात जा, त्याच्या खाटेवर बसा, आणि आधी तुमचं सांगा.