वळणावरचा दिवा

ज्या अंधारात आपली मुलगी गेली, त्याच अंधाराची सोय एखादी आई दरवर्षी का करत राहते? भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याजवळच्या एका गावातील शकुंतलाबाईंविषयी लिहायला घेतले, तेव्हा हा प्रश्न समोर होता. 

शकुंतलाबाई निवृत्त अंगणवाडी सेविका. पती लवकर वारले. तृप्ती ही एकुलती मुलगी नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. गावात शिरण्यापूर्वी रस्ता तलावाच्या मातीच्या बंधाऱ्याला, पाळीला, वळसा घालतो. त्या वळणावर विजेचा खांब आहे आणि खांबाला लागून बाईंचे चुलत दीर जागेश्वर यांची धानाची बांधी, बांध घातलेले भाताचे शेत. भारी, उशिरा पिकणारे धान निसवायचे, म्हणजे त्याला लोंब्या यायच्या, तर रात्र लांब आणि काळोखी लागते. दिव्याखालच्या धानाला दिवस संपल्याचे कळतच नाही. ते नुसते हिरवे वाढत राहते. म्हणून त्या गावात धान निसवण्याच्या दिवसांत शेतालगतचे दिवे बंद ठेवायची रीत आहे. लोंब्या बाहेर पडल्या की दिवे पुन्हा लागतात. ही रीत कुठे लिहिलेली नाही आणि कोणी मोडलेलीही नाही.

मायलेकींनी या रीतीतून स्वतःचा एक सण काढला होता. दिवे बंद झाले की दोघी पाळीवर चटई टाकत, उकडलेले शिंगाडे सोलत आणि आकाश पाहत. नक्षत्रांची आणि देवयानीसारख्या दीर्घिकांची नावे तृप्ती सांगे. बाई त्यांतली निम्मी विसरत आणि सप्तर्षींना शेवटपर्यंत खाटच म्हणत.

२०१९ साली तृप्तीला सुट्टी मिळाली ती थेट दिवाळीची. अमावास्या तोंडावर असल्याने आकाश उत्तम मिळणार होते. पण धान तोवर निसवले होते. ग्रामपंचायतीचा दिवाबत्ती पाहणारा टिकाराम फ्यूज लावायला निघाला, तेव्हा बाईंनी त्याला अडवले.

"धान तं निसवलं जी मावशी. आता काहून बंद ठेवू?"

"तृप्ती येऊन राहिली. तिले देवयानी पाहाची हाय. नागपुरात तं चांदनीच दिसत नाही म्हनते."

"मंग उद्या तिलेच खांबावर चढवजा. माहे गुडघे वाजून राहिले."

"चढवतो. तू खालून शिडी धरजो."

टिकाराम हसला आणि परत गेला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बाई पाळीवर चटई टाकून बसल्या होत्या. तृप्ती नागपूरहून स्वतःच्या स्कूटीने येत होती. वळणावर, त्या विझलेल्या दिव्याच्या खांबाखाली, चाक पंक्चर झालेली ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. धडकेचा आवाज पाळीपर्यंत ऐकू आला. रस्त्यावर सर्वांत आधी बाईच पोचल्या.

गावाने त्यांना दोष दिला नाही. उलट ग्रामपंचायतीने त्या खांबावर पूर्वीपेक्षा कितीतरी प्रखर दिवा बसवला आणि तो कधीही विझवायचा नाही असे ठरवले. तलावाच्या पाण्यात आता तोच एक दिवा दिसे. पाळीवर बसणे संपले. पुढील दोन्ही हंगामांत जागेश्वरांच्या बांधीत खांबाभोवतीचे धान पोसलेले, गर्द हिरवे आणि बिनलोंबीचे राहिले.  २०२२ च्या पावसाळ्यात, धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपल्यावर, जागेश्वर बाईंच्या उंबऱ्यापाशी येऊन बसले.

"वयनी, मी म्हनलो नसतो."

"मंग म्हनू नका ना, भाऊजी. चहा घ्या."

चहा झाला तरी ते उठेनात. "दिव्याखाली ढोराईले चारायला तनीस होते, धान होत नाही. सरपंच म्हनते वयनीले विचार, टिकाराम म्हनते मावशीनं सांगल्याबिगर हात लावत नाही. सारा गाव तुमच्याकडं पाहून राहिला."

"माह्या पोरीच्या नावानं दिवा लावला, तवा मले विचारलं बी नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी रिकामी कपबशी उचलली. "बंद करा. पन तितके दिवस मी तेथी उभी राहीन."

"तुमी? कायले?"

"गाडीवाल्याले कोनीतरी दिसलं पायजे का नाही?"

त्या वर्षापासून धान निसवण्याच्या दिवसांत शकुंतलाबाई तिन्हीसांजेला वळणावर जात आणि पवनीहून येणारी शेवटची बस गेल्यावर परतत. टिकारामने त्यांना रस्त्याच्या कामावरील मजुरांची चमकणारी बंडी आणून दिली होती. हातात मोठी बॅटरी असे. एका ट्रॅक्टरवाल्याने एकदा थट्टेने विचारले, "बाई, चालान फाडता का?" "फाडतो ना. आधी मांगचा लाईट लाव, मंग हास," असे म्हणून त्यांनी त्याला खाली उतरायला लावले. पुढे ते वळण आले की ट्रॅक्टरवाले आपापले दिवे आधीच तपासू लागले.

दिवा बंद झाल्याने आकाश परतले. २०२३ च्या ऑक्टोबरात भंडाऱ्याहून काही तरुण दुर्बीण घेऊन पाळीवर आले. त्यांत तृप्तीची मैत्रीण रीना होती. ती बाईंना बोलवायला वळणापर्यंत गेली.

"मावशी, चला न. देवयानी दिसून राहिली. दुर्बिणीबिगर बी दिसते, धुरकट डागासारखी. तृप्ती म्हणायची तशीच."

"तुमी पाहा बाई. गाडी येऊन राहिली."

रीनाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. गाडी नव्हती. बाई बॅटरीचा झोत डांबरावर धरून उभ्या होत्या. रीना एकटीच परत गेली. बाईंना त्यानंतर कोणी बोलावले नाही. त्यांना त्या तीन हंगामांत मान वर करताना पाहिल्याचे गावात कोणीही सांगत नाही. मात्र अंधारात उभ्या असलेल्या माणसाची मान कोणाला दिसते, असे टिकाराम म्हणतो.

शकुंतलाबाईंचे फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन झाले. त्या वर्षीच्या हंगामात वळणावर उभे राहायला कोणी नव्हते, म्हणून दिवा बंद करायचा नाही असे रोवणीआधीच ठरले; जागेश्वरांनी खांबाजवळची बांधी पडीक ठेवली.