सुनंदाचे उंदीर

चंद्रपूर स्टेशनाबाहेर सकाळी जीपवाले ‘मोहर्ली, मोहर्ली’ ओरडत होते. माझ्याबरोबर उतरलेली मंडळी वाघ पाहायला ताडोबाला निघाली. मी पुण्याहून आलो होतो उंदीर धरायला. त्यांच्या टोप्या आणि दुर्बिणी पाहूनच माझं डोकं फिरलं.

कारण सांगतो. स्क्रब टायफस नावाचा ताप आहे. उंदरांच्या अंगावरचे बारीक किडे माणसाला चावले की तो होतो, आणि बिघडला तर माणूस दगावतो. औषधं तपासायची तर आधी हा ताप प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना माणसासारखाच व्हायला हवा. माझे उंदीर दोन दिवस मरगळतात आणि पुन्हा दाणे खायला लागतात. नागपूरच्या सुनंदाच्या उंदरांना मात्र तो हुबेहूब होतो, कारण तिने जंतू कुरखेड्याकडच्या किड्यांतून ताजे आणले. आम्ही एकाच वर्गात शिकलो. तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, लपवण्यात अर्थ नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला किडे मिळाले नाहीत तर माझं काम बंद.

मूल, गडचिरोली, आरमोरी करत एसटी दुपारी कुरखेड्याला पोचली. तिथून जीपने आतल्या गावात. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. उतरायची सोय सोमीबाईंच्या घरी होती, तीही सुनंदाच्याच ओळखीने. “सुनंदाबाई काऊन नाई आल्या?” हा त्यांचा पहिला प्रश्न. शेजारणींनीही तेच विचारलं. भात आणि अंबाडीची भाजी वाढता वाढता सुनंदाबाई गोंडी कशी बोलतात, किती पोटभर जेवतात, हे मला ऐकावं लागलं. भाजी चवदार होती, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

संध्याकाळी बांधावर सापळे लावले. सकाळी सगळे रिकामे. दुसऱ्या दिवशीही तेच. सोमीबाईंनी एक सापळा उचलून नाकाशी धरला.

“दवाखान्याचा वास येऊन राह्यला, भाऊ. उंदीर येईल कशाले?”

मी प्रत्येक सापळा फिनेलने धुतला होता. आमच्या प्राणिगृहात धुतल्याशिवाय काहीच आत जात नाही, हात आपोआप चालतो. सुनंदा म्हणे सापळ्यांना बांधीतला चिखल फासते आणि आत सुकी मासोळी ठेवते. मी मुकाट्याने चिखल फासला. पुढच्या सकाळी चार उंदीर, आणि त्यांच्या कानांत केशरी ठिपक्यांसारखे किडे! हातमोजे घालून, चिमट्याने एकेक काढून ते बाटल्यांत भरले.

सोमीबाई जरा लांब बसून पाहत होत्या. त्यांची सून गेल्या वर्षी याच तापाने गेली. सहा दिवस पुजाऱ्याकडे (गावच्या वैदूकडे) काढले, मग दवाखान्यात नेलं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग विचारलं,

“सुनंदाबाईचे उंदीर वाचले का, भाऊ? औषध किती दिवसांत द्या लागते?”

मला ठाऊक होतं. लवकर औषध मिळालेले तिचे उंदीर वाचले होते. सहाव्या दिवशी मिळालेला एकही नाही.

“उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही, बाई,” मी म्हणालो. हे वाक्य वर्षभर मी सभांमधून सुनंदाला टोचायला वापरत आलो होतो. इथे ते बोलताना मी चिमटा पुसत राहिलो.

सोमीबाईंनी बाटल्यांकडे बोट दाखवलं. “मंग हे कशाले नेऊन राह्यले?”

मी बाटल्या एकेक करून पेटीत ठेवायला लागलो.

परतताना चंद्रपूर स्टेशनावरून सुनंदाला फोन केला. किडे मिळाले म्हटल्यावर ती मनापासून खूश झाली, आणि मला त्याचाही राग आला. मग तिने हळूच विचारलं, सोमीबाई काही म्हणाल्या का. त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं.

“त्या प्रश्नाच्या भीतीनेच मी या वेळी गेले नाही,” ती म्हणाली. “पण दिवाळीनंतर जाईन आणि खरं सांगेन. उंदरांचं काय झालं ते कळवीन, असा शब्द दिलाय मी त्यांना.”

गाडी आली. बाटल्यांची पेटी मांडीवर होती, काम वाचलं होतं, आणि तरी हेवा गेला नव्हता. इतकी वर्षं मी उंदीर मारतोय. त्यांचं पुढे काय झालं हे विचारणारं एकही घर माझ्या वाट्याला आलेलं नाही.