पालेभाजीने घालवलेली अब्रू

लाज वाटेल असं काही घडलं की माणूस ते कुणाला सांगत नाही, म्हणून अशा गोष्टी आत साठत जातात. आमच्या खोलीत त्या साठतात खऱ्या, पण शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की एकेक बाहेर पडते. नवल असं की त्यातल्या बहुतेक पालेभाजीच्या आहेत. मटणाने आम्हाला कधी मान खाली घालायला लावली नाही, मासळीनेही नाही. जे काही केलं ते पाल्याने.

खोली दोहातल्या नजमा भागात. राहतो आम्ही तिघे. पांडुदादा गावडे सगळ्यांत मोठे, सावंतवाडीकडचे, रास लफानला पाइप फिटर. शिंदे लातूरचा, एका कंपनीत ड्रायव्हर. आणि मी नितीन, कणकवलीचा, दादांच्याच साइटवर इन्स्पेक्शनला. स्वयंपाक पाळीपाळीने, पण पालेभाजी तळकोकणी पद्धतीचीच, हा दादांचा कायदा. कांदा, मिरची, पाल्याच्याच पाण्यात वाफ आणि वरून ओलं खोबरं. शिंदेच्या दाण्याच्या कुटाला तिथे प्रवेश नाही.

दादांच्या डोक्याला तेव्हा एकच घोर होता. त्यांच्या मुलीचं, सुजाताचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणचे लोक "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी कळवलंच नाही. मध्यस्थाने नंतर सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण बाप जन्मभर परदेशात, त्या घराला वळण कोण लावणार? हे दादांना फार लागलं होतं. मग तिसरं स्थळ आलं वेंगुर्ल्याच्या राजनचं. हा नेमका कतारलाच नोकरीला, दोहातल्याच अल मुंतझा भागात मामाकडे राहणारा. त्यामुळे आमच्या खोलीत काही फजिती झाली की दादा आधी हेच विचारायचे, "ह्यां तेंका कळला तर?"

*

आपल्याला अरबी येतं असा शिंदेचा समज आहे. "यल्ला" आणि "खलास" या दोन शब्दांवर त्याचा सगळा कारभार चालतो. एकदा दादांना घोळीची भाजी खावीशी वाटली. घोळीला इकडे बर्बीर म्हणतात, हे मी ऑफिसातल्या एका सुदानी माणसाला विचारून आलो होतो. शिंदे म्हणाला, "मी आणतो की. आपल्याला भाषेची काय अडचण न्हाई."

कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्याने रुबाबात विचारलं, "बर्बीर?" दुकानातला पोरगा नवीन होता. त्याने समोरच्या गल्लीकडे बोट केलं. शिंदे गल्लीत गेला, तिसऱ्या दारात शिरला आणि तिथे पुन्हा विचारलं, "बर्बीर?" आतला पठाण म्हणाला, "हां भाई, बैठो," आणि त्याच्या गळ्याभोवती टॉवेल टाकला.

तासाभराने शिंदे परत आला तेव्हा हातात पिशवी रिकामी, डोकं बारीक आणि मिशी गायब. दादा म्हणाले, अरे उठायचं ना तिथून. शिंदे खाली बघत म्हणाला, "टॉवेल टाकल्यावर कसं उठावं? लाज वाटली."

दादा म्हणाले, "मेल्या, घोळ घेवन ये म्हटलंय, घोळ घाल म्हणाक नाय."

खरी लाज पुढेच होती. संध्याकाळी शिंदेच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा बघितल्याबरोबर तिने डोक्यावर पदर घेतला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

शिंदे म्हणाला, "भाजी आणायला मीच गेलतो."

*

लाल माठाच्या वेळी चूक माझी होती. थंडीत इथल्या शेतांवरची ताजी भाजी बाजारात येते, पण तिच्या मुळांना वाळू फार. दादा ड्युटीवर होते. मी माठ बारीक चिरला, तोंडात टाकून बघितला तर दाताखाली कचकच. म्हणून चिरलेली सगळी भाजी बादलीत घालून खळखळून धुतली आणि पाणी बाथरूममध्ये ओतलं. एकदा, दोनदा, चांगलं चार-पाचदा.

बाथरूम आमच्यात आणि शेजारच्या खोलीत मिळून आहे. पानांचे तुकडे जाळीत अडकले, पाणी तुंबलं आणि दाराखालून बाहेर पॅसेजमध्ये आलं. लालभडक. शेजारचा उत्तर प्रदेशचा इलेक्ट्रिशियन ओरडत आला, "अरे, कौन कट गया?" वॉचमन फर्स्ट एडचा डबा घेऊन धावला. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. मी बादली पाठीमागे धरून उभा.

नेमके त्याच वेळी दादा जिना चढून आले. त्यांनी पाणी बघितलं, बादली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बोट कापला म्हणान सांग. चिरल्यावर धुतलंय म्हणान सांगू नको, आपल्या गावाची अब्रू जायत."

मी बोट कापल्याचं सांगितलं. वॉचमनने इतक्या मायेने बँडेज बांधलं की दोन दिवस मला ते सोडायला धजवेना.

*

मी आईला फोनवर सांगत असे की आता मला पालेभाजी छान येते. एके दिवशी तिच्याशी बोलता बोलताच मी मोठी पेंडी चिरून कढईत टाकली. कढई शिगोशीग भरली, म्हणून तिला शोभेल असं मीठ घातलं. झाकण काढलं तेव्हा तळाशी मूठभर भाजी होती, आणि मीठ कढईभर भाजीचं.

मी झाकण आदळून परत ठेवलं. आईने तिकडून विचारलं, "काय रे, काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."

ती म्हणाली, "पाला आळायच्या आधी मीठ घातलंस ना?" आणि मग बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, ह्याला येते म्हणाला ती भाजी दुसरं कुणीतरी करत असणार."

*

आता मुळ्याचा पाला. हा किस्सा सांगायला दादांची अजून परवानगी नाही, पण ते या वेळी झोपतात.

रास लफानला वायूचे प्लांट आहेत. तिथे पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवतात की सडक्या अंड्यासारखा वास आला की विचार करत बसायचं नाही. वारा कुठून येतोय ते बघायचं आणि वाऱ्याला आडव्या दिशेने चालत लांब निघून जायचं. हे इतक्या वेळा घोटून घेतात की झोपेतसुद्धा पाय आपोआप चालू लागतात.

त्या दिवशी दादांनी डब्यात मुळ्याच्या पाल्याची भाजी घेतली होती. सकाळची कंपनीची बस, एसी चालू, खिडक्या बंद, सगळे पेंगत होते. स्पीडब्रेकरवर बस उडाली आणि दादांच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण सैल झालं. पुढच्या सीटवरचा एक तरुण इंजिनिअर ताडकन उठला आणि ओरडला, "गॅस!"

बस थांबली. सगळे शिस्तीत खाली उतरले. एकाने मूठभर वाळू उडवून वारा बघितला आणि आम्ही वाळवंटातून रांगेने चालायला लागलो. दादाही चालले, डबा हातात घेऊन. डबा टाकून कसा जाणार?

बरंच चालून झालं तरी वास काही जाईना. सेफ्टी ऑफिसर केरळचा होता. तो म्हणाला, "अजून लांब चला." आम्ही अजून लांब गेलो. वास आमच्याबरोबर आला. मला एव्हाना शंका आली होती, पण मी दादांच्या शेजारी चालत होतो आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांनाही कळलं होतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शेवटी सेफ्टी ऑफिसर रांगेतून एकेकाला हुंगत आला आणि दादांसमोर थांबला. "पांडू, व्हॉट इज इन द बॉक्स?"

दादा म्हणाले, "सर, रॅडिश."

चाळीसेक माणसं उन्हात उभी राहून एका डब्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. दादा खाली मान घालून बसकडे परत निघाले आणि मध्येच थबकले. माझा दंड पकडून त्यांनी रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या एका नव्या मुलाकडे नजर केली. मध्यस्थाने पाठवलेला फोटो आम्ही सगळ्यांनी दहा वेळा बघितला होता.

"नित्या," दादा म्हणाले, "तो राजन रे."

*

तरीही मंडळी आली. येत्या शुक्रवारी जेवायलाच येतो, असा राजनच्या मामांचा निरोप आला. दादांनी आठवडाभर काळजी केली. मुलगी तिकडे गावी, आई तिकडे, घर तिकडे. इथे काय, तर नजमातली खोली, तीन खाटा आणि दोरीवर बनियन. दादा म्हणाले, "घराक वळण नाय म्हणतत ना? मग बघूं देत माझा वळण." आणि त्यांनी अळूचं फदफदं करायचं ठरवलं. शेंगदाणे, चणाडाळ, सगळं रीतसर.

दादांची गुरुवारी ड्युटी होती, म्हणून अळू आणायला गेला शिंदे. त्याला काळ्या देठाचं आण म्हणून सांगितलं होतं. त्याने आणलं हिरव्या देठाचं, कारण ते टवटवीत दिसत होतं. दादांनी शुक्रवारी सकाळी ते बघितलं आणि मटकन खाटेवर बसले. दुसरं कुठे मिळणार नव्हतं. मग त्यांनी हाताला तेल लावलं, देठ सोलले आणि दुप्पट चिंच घातली.

आमच्याकडे एक नियम आहे. अळू चिरायला घेतलं की ताटं उचलेपर्यंत 'खाज' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. काढला की अळू खाजतंच. दादांनी शिंदेला दोनदा बजावलं. शिंदे म्हणाला, "मी आज बोलतच न्हाई."

पाहुणे आले. दारातच राजन दादांना म्हणाला, "आपली भेट झालेली आहे. बसमध्ये." दादांनी हसायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून आम्ही दोघांना जेवायला बसवलं. मामांच्या आग्रहाने मी आणि शिंदेही बसलो. दादा वाढत होते, स्वतः बसायला तयार नव्हते. मामा ओळखीपाळखी विचारत होते, गावात कोण, जमीन किती, मुलगी काय करते. दादा नीट उत्तरं देत होते. मुलगी कुडाळला दवाखान्यात नर्स आहे, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला.

मग मामांनी फदफद्याचा भुरका मारला आणि त्यांचे प्रश्न थांबले.

दुसऱ्या घासाला मला कळलं. घशात कुणीतरी काथ्या फिरवावा तसं झालं. मामा एक पेला पाणी प्यायले, मग दुसरा. शिंदेचे डोळे पाण्याने भरले. त्याने "खा" एवढं म्हटलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "खा... खाऊन घ्या सगळ्यांनी."

राजन मात्र खाली बघून जेवत होता. दादांनी त्याच्या वाटीकडे बघितलं, ती रिकामी होती. त्यांना आनंद झाला आणि त्यांनी पुन्हा वाढलं. त्याने तीही संपवली. कपाळावर घाम आला होता.

मामांनी कसेबसे हात धुतले, घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बरं आहे. घरी बोलून कळवतो आम्ही."

कळवतो. दादांच्या हातातला डाव तसाच राहिला. आमच्या तिघांच्याही ओळखीचा शब्द होता तो. "तेंका कळला तर?" असं विचारायलाही आता काही उरलं नव्हतं. कुठेतरी बघायचं म्हणून दादा पातेल्याकडे वळले, डावाला लागलेलं फदफदं तळहातावर घेतलं आणि चाटलं.

त्यांचा चेहरा आधी गोरामोरा झाला, मग पडला. वळून ते आम्हा चौघांकडे बघत राहिले. मामांचा रिकामा तांब्या, शिंदेचे लाल डोळे, राजनची पुसून घेतलेली वाटी. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं.

"खाजता," ते म्हणाले. "सगळ्यांका खाजता, आणि मी परत परत वाढतंय. तू तरी बोलाचा होता रे झिला. गप कित्याक जेवलंस?"

राजन पाणी प्यायला, त्याने घसा साफ केला, तरी आवाज फुटेना. शेवटी मामांकडे न बघता, फाटक्या आवाजात तो म्हणाला,

"सासुरवाडीत पयल्याच दिवशी खाजता म्हणान कसां सांगू?"